माहेरचा कोपरा

"आता एका पायावर उभ्या राहा," असं ती व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली आणि पोटुशी असलेल्या शिट्टीने उजवा पाय जेमतेम वीतभर उचलला, तोच तिच्या तोंडून असा आवाज निघाला की भिंतीला टेकून बसलेल्या मावशीचा हात आपसूक स्वतःच्या ओटीपोटावर गेला. ओरडणं नव्हतं ते. चुलीवरच्या भांड्याला चुकून हात लागल्यावर माणूस दात आवळून श्वास आत ओढतं, तसं काहीतरी होतं. शिट्टीने पाय पटकन खाली ठेवला, टेबलाची कड धरली आणि कुणी रागावेल की काय अशा नजरेने आधी मावशीकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे. मावशीला तो आवाज ओळखीचा वाटला. कुठे ऐकला होता ते मात्र आठवेना, आणि आठवेना म्हणून ती चिडली, कारण इथे ती काही आठवायला आली नव्हती. खरंखोटं करायला आली होती.

मालकानेच पाठवलं होतं तिला. आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून, बसायला खुर्ची देऊन, म्हणजे काम नाजूक आहे हे खुर्चीवरूनच कळावं अशा बेताने तो म्हणाला होता, "मावशी, ही शिट्टी महिन्याभरात तिसऱ्यांदा सुट्टी मागते. दुखतं म्हणते. कुठे दुखतं विचारलं तर खाली बघते. मी पुरुषमाणूस, मी काय तपासणार? तुम्ही जा बरोबर, डॉक्टर काय बोलतात ते कानाने ऐका. खरंच काही असलं तर बघू. नाटक असलं तर तिला म्हणावं घरी बस, आणि बाळंतपणानंतर जागा असेलच असं मी सांगत नाही." मावशी बरं म्हणाली. मनातून तिचा निकाल झालेलाच होता. पन्नास बायकांच्या हॉलची ती मुकादमीण, एकतीस वर्षं त्या हॉलमध्ये काढलेली. कोणती बाई खरी आजारी आणि कोणाला नणंदेच्या लग्नाला जायचंय, हे ती चालण्यावरून ओळखायची. शिट्टी तशी कामाची वाघीण. यंत्रांच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही म्हणून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची आणि सगळा हॉल दचकवायची, त्यावरून तिचं ते नाव पडलं. पण सहावा लागला आणि ती लंगडायला लागली. कधी डावा पाय ओढायची, कधी उजवा. एकदा मावशी तिला सगळ्यांदेखत म्हणालीसुद्धा, "अगं, एक कुठला तरी पाय ठरव. लंगडायचं तर धड तरी लंगड." बायका हसल्या. शिट्टीही हसली. मावशीला आता ते हसू आठवलं, आणि ते हसू नव्हतंच असं वाटून गेलं.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरने आधी तपासलं होतं. लघवी तपासली, पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले, आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाला होता, "सगळं उत्तम आहे. हे दुखणं होतंच या दिवसांत." मावशीने त्याच क्षणी मनात गाठ मारली होती: होतंच. चला, सुटलो. मालकाला काय सांगायचं ते मिळालं. पण त्या डॉक्टरने कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहून त्यांना इथे वर पाठवलं, दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढताना शिट्टी कठड्याला धरून तिरकी, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खेकड्यासारखी चढली. मावशी पुढे होती. मागे वळून बघायचं तिने टाळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका जुन्या घराचा जिना तिच्या डोळ्यापुढे येऊ पाहत होता आणि तो तिला नको होता.

"काम काय करता?" पोरीने विचारलं. पोरगी म्हणजे मावशीच्या लेकीच्या वयाची, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली, पण हात पक्के. शिट्टीच्या कंबरेला मागून, पुढून, मांडीच्या सांध्यापाशी दाबताना आधी विचारायची, दाबू का, आणि मगच दाबायची. हे मावशीला विचित्र वाटलं होतं. दवाखान्यात कुणी विचारून दाबतं, हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"लाँड्रीत," शिट्टी म्हणाली. "मोठी लाँड्री. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी येतात. मी पिशव्या सील करते."

"म्हणजे कसं? करून दाखवा."

शिट्टीने समोरच्या टेबलालाच यंत्र मानलं. डाव्या हाताने न दिसणारी पिशवी धरली, उजव्याने तिचं तोंड सरळ केलं, मग उजवा पाय उचलून न दिसणाऱ्या पायडलवर ठेवला, दाबला, ओठांनी एक दोन तीन चार मोजलं आणि सोडला. दाबताना तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला. "असं," ती म्हणाली.

"बसून नाही करता येत?"

"टेबल छातीएवढं आहे. बसलं की हात पोचत नाही."

"आणि दिवसाला किती पिशव्या?"

शिट्टीने मावशीकडे पाहिलं. आकडे मावशीकडे असायचे. "आठशे," मावशी म्हणाली. मग उगाच खोटं नको म्हणून म्हणाली, "गर्दीच्या दिवसांत नऊशे."

"म्हणजे दिवसातून नऊशे वेळा एका पायावर," पोरगी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. नुसतं लिहून घेतलं. त्या पेनाचा कागदावरचा आवाज मावशीला ऐकू आला, आणि तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

कारण ते यंत्र मावशीचं होतं. लाँड्रीच्या कागदावर मालकाचं, पण हॉलमध्ये विचाराल तर कुणीही सांगेल की तो कोपरा मावशीने कमावलेला. ती नवी होती तेव्हा पोटुश्या बायकाही वाफेच्या टेबलावरच उभ्या असायच्या. वाफ अशी की भिंतींना घाम फुटायचा. एक बाई सातव्या महिन्यात चक्कर येऊन गरम पत्र्यावर पडली, कोपरापासून हात भाजला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी. मावशीला तेव्हा चौथा होता. ती आताच्या मालकाच्या बापाच्या दारात तीन दिवस बसली. हटली नाही. म्हातारा बाहेर येताना तिला ओलांडून जायचा, चौथ्या दिवशी ओलांडताना अडखळला आणि म्हणाला, "काय पाहिजे तुला?" तिने सांगितलं, पोट दिसायला लागलं की बाईला वाफेवर ठेवायचं नाही, त्या लांबच्या कोपऱ्यातलं पिशव्यांचं यंत्र द्यायचं. तिथे खिडकी आहे. वारा आहे. हलकं काम आहे. म्हातारा कबूल झाला. बायकांनी त्या कोपऱ्याला नाव दिलं, माहेर. कुणाला दिवस गेले की हॉलभर चेष्टा चालायची, "चालली गं चालली, ही पण माहेरी चालली!" आणि जाणारी लाजत जायची. एकतीस वर्षांत चाळीस-एक बायका मावशीने त्या माहेरी पाठवल्या. मोजल्या नव्हत्या कधी. आत्ता, त्या पोरीच्या खोलीत बसल्या बसल्या, ती मोजायला लागली.

पोरीने कपाटातून हाडांचा एक नमुना काढला. कंबरेची हाडं, प्लॅस्टिकची, पिवळट. टेबलावर ठेवली तेव्हा ती एखाद्या तुटक्या टोपलीसारखी दिसली. "लोकांना वाटतं हे एकच हाड आहे," ती शिट्टीला म्हणाली, पण मान वळवून मावशीलाही सामील करून घेतलं तिने. "एक नाहीये. हे कडं आहे. आणि ते तीन ठिकाणी जोडलंय. दोन सांधे मागे, माकडहाडाच्या जरा वर, दोन्ही अंगांना. आणि एक हा पुढे, बरोबर तुम्ही हात ठेवता तिथे. एरवी हे सांधे जेमतेम हलतात. पण दिवस राहिले की शरीर हे बांधून ठेवणारे पट्टे सैल सोडायला लागतं, पुढे बाळाला वाट मिळावी म्हणून. त्यात पोटाचं वजन पुढे येतं, उभं राहायची ढब बदलते. मग सांधे सारखे हलत नाहीत, एक जास्त, एक कमी. स्नायू बिचारे ते आवळून धरायला बघतात आणि थकतात. दोन्ही पायांवर भार असला की निभून जातं. एका पायावर आलात की बघा."

आणि तिने त्या कड्याची एक बाजू वर, एक बाजू खाली अशी पिरगळली. पुढचा सांधा, जिथे रबराची पट्टी होती, तिथे फट पडली आणि दोन कडा एकमेकींवरून घासत गेल्या.

मावशीला ते दिसलं नाही, लागलं. तेवीस-चोवीस वर्षांची होऊन ती त्या कोपऱ्यात उभी होती, खिडकीतून वारा येत होता, सगळ्या हॉलमध्ये तिच्या इतकं सुख कुणाला नव्हतं, आणि प्रत्येक पिशवीला तिच्या दोन मांड्यांच्या मधोमध कुणीतरी बोथट सुरी फिरवत होतं. हाच तो आवाज. दात आवळून आत ओढलेला श्वास. तो तिने ऐकला नव्हता कुठे, तो तिचाच होता. घरी गेल्यावर जिना असा तिरका चढायचा. सकाळी अंथरुणावरून उठायचं म्हणजे आधी एका कुशीवर, मग हातांवर, मग गुडघे, आणि मधे कुठेतरी थांबून भिंतीवरच्या एका डागाकडे बघत बसायचं, दुखणं पुढे सरकेपर्यंत. कपडे उभ्याने घालता येत नाहीत म्हणून ती पेटीवर बसून घालायची, तर सासू शेजारणीला हाक मारून दाखवायची, "या, बघा, आमच्या राणीसाहेब बसल्या बसल्या नेसतात. आता दासी तेवढी ठेवायची राहिली." सासूला सहा मुलं झाली होती आणि सहाही वेळा ती म्हणे विहिरीवरून थेट बाळंतिणीच्या खाटेवर गेली होती. खरं असेल. सगळ्यांचंच दुखतं असं थोडंच असतं. पण जिचं दुखत नाही तिचं ऐकायचं आणि जिचं दुखतं तिने गप्प बसायचं, हा न्याय कुणी लावला?

तेव्हाच्या डॉक्टरणीने तर मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. "बाईचा जन्म आहे," म्हणाली होती, "चालायचंच. पुढची कोण आहे, पाठवा." बाई असून. तिलाही हे असंच कुणीतरी सांगितलं असणार.

"बाळाला काही?" शिट्टी विचारत होती.

"याने बाळाला काही होत नाही. अजिबात काळजी करू नका. त्रास तुम्हाला होतो. पण तुम्हाला होतो तो त्रासच आहे ना? रक्त गेलं, ताप आला, लघवीला आग झाली, पोट राहून राहून कडक व्हायला लागलं, तर ते वेगळं. मग एक क्षण न थांबता यायचं. हे ते नाही. पण म्हणून हे काहीच नाही असंही नाही."

"खालचे डॉक्टर म्हणाले, होतंच."

"होतं पुष्कळ जणींना. होतं म्हणून होऊ द्यायचं, असं कुठे आहे?" मग ती काय करायचं ते सांगत गेली. कुशीवर वळताना गुडघे जोडून वळायचं, दोन गुडघ्यांमधे उशी घ्यायची. कपडे बसून घालायचे. हे ऐकून मावशीला सासू आठवली. बसून घालायचे! दवाखान्यातली शिकलेली बाई सांगते, बसून घालायचे. कंबरेला पट्टा, रोज हे चार व्यायाम, आणि मुख्य म्हणजे एका पायावरचं काम बंद. "मी लिहून देते. बसून काम द्या, मधे मधे उठू द्या. बऱ्याचदा एवढ्यानेच फरक पडतो."

"हे कधीपासून ठाऊक आहे?" मावशीने विचारलं. खोलीत आल्यापासून तिने पिशव्यांच्या आकड्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला.

"काय, काकू?"

"हेच. कडं. सांधा. सैल होतं ते."

"अहो, खूप वर्षं झाली. पुस्तकांत आहे हे."

"किती वर्षं?"

पोरगी हसली, मग मावशीचा चेहरा बघून हसायची थांबली. "माझ्या जन्माच्या आधीपासून असेल नक्की," ती हळूच म्हणाली. "का हो? तुम्हालाही...?"

"नाही," मावशी म्हणाली. "मला काही नाही."

बाहेर बसथांब्यावर बाक होतं. शिट्टी दोन्ही हात मागे टेकवून, दोन्ही पाय एकदम सांभाळत बाकावर बसली. मावशी उभी राहिली. तिच्या अंगात असं काही पेटलं होतं की बसणं शक्यच नव्हतं, आणि राग कुणाचा आला हेच तिला नीट कळत नव्हतं. पुस्तकांत होतं! म्हणजे ती भिंतीवरच्या डागाकडे बघत बसायची तेव्हा ह्याच शहरात कुठल्या तरी कपाटात ते पान होतं, त्यावर चित्र होतं, बाण काढून दाखवलं होतं की बाई, तुझं इथे आणि ह्यामुळे दुखतंय. आणि ते पान वाचलेल्यांपैकी एकालाही चार पायऱ्या उतरून लाँड्रीत येऊन सांगावंसं वाटलं नाही. लाँड्रीतल्या चादरी मात्र त्यांच्याच इस्पितळाच्या. रोज गाडी भरून यायच्या, रोज गाडी भरून जायच्या, पिशव्यांत सील होऊन. कुणी सील केल्या? ते पान ठाऊक असलेल्या डॉक्टरांच्या खाटांवरच्या चादरी, त्याच कोपऱ्यातल्या बायकांनी, दात आवळून. मावशीला हे हसण्यासारखं वाटलं आणि ती एकटीच हुंकारल्यासारखी हसली, तशी शिट्टीने दचकून वर पाहिलं.

एकाने मात्र विचारलं होतं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसलेला, बोलणं कमी. तो म्हणायचा, "कशाने दुखतं ते तरी बघ. कधी जास्त होतं, कधी कमी होतं? कारणाशिवाय काही बिघडत नसतं." घड्याळवाला माणूस, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मानणारा. आणि तिने त्याला झिडकारलं होतं. कारण तिने बघितलं असतं तर तिला दिसलं असतं. सुट्टीच्या दिवशी कमी दुखायचं. वाफेवर होती तोवर दुखत नव्हतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? पण तीन दिवस दारात बसून मागून घेतलेलं सुख टोचतंय, हे सांगायचं कुणाला? म्हातारा मालक म्हणाला असता, दिलं तरी रडता. बायका म्हणाल्या असत्या, स्वतःच मागितलं होतंस. म्हणून तिने ते दुखणं कोपऱ्यापासून तोडलं आणि पोटाला जोडून टाकलं: पोटामुळे दुखतं, पोट गेलं की जाईल. मुलगी झाली, दुखणं हळूहळू गेलं. पण धसका गेला नाही. नवऱ्याने दुसऱ्या मुलाचं दोनदा काढलं, दोन्ही वेळा ती नको म्हणाली, कारण सांगितलं नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "आमची एकच, पण लाखात एक." चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि आपल्यापासून हिला दुसरं मूल नको होतं, असंच काहीतरी मनात ठेवून गेला असेल. झाकण उघडायच्या आधीच ते घड्याळ तिने त्याच्या हातून काढून घेतलं होतं.

"मावशी," शिट्टी म्हणाली, "मालकांना काय सांगणार तुम्ही?"

"जे बघितलं ते."

"सगळं?"

"सगळं म्हणजे?"

शिट्टी चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिली. "म्हणजे यंत्राचंसुद्धा?"

"तू कधी बोलली नाहीस ते मला? यंत्रावर दुखतं म्हणून?"

"कसं बोलणार? तुमचं माहेर ते. आयत्या घरी जाऊन छप्पर गळतं कसं म्हणायचं? आणि मागे ती उंच बाई बोलली होती म्हणे, तर..."

तर. मावशीला ती बाई आठवली. सगळ्यांहून वीतभर उंच, बायका तिला जिराफ म्हणायच्या. ती एक दिवस सरळ समोर येऊन म्हणाली होती, "मावशी, मला परत वाफेवर घ्या. तिथे गरम होतं, पण निदान दोन पायांवर उभी असते मी." दोन पायांवर. पुस्तक न वाचता, हाडांचा नमुना न बघता, तिने नेमकं तेच सांगितलं होतं जे आज कळायला दुसरा मजला चढावा लागला. मावशीने तिला काय उत्तर दिलं? म्हणाली होती, "काही जणींना सुख टोचतं." आणि मालकाला जाऊन सांगितलं, ही भांडकुदळ आहे, बाकीच्यांना चढवेल. आठव्या महिन्यात जिराफ काम सोडून गेली. डबा घ्यायलाही परत आली नाही. तिच्या डब्याला नंतर कुणी वाली मिळाला नाही; बरेच दिवस तो कपाटावर पडून होता.

बस आली. चढताना मावशीने शिट्टीच्या काखेत हात घातला. शिट्टी म्हणाली, "राहू द्या, येते मी." मावशीने हात काढला नाही.

मालक हिशेबाचं काहीतरी बघत होता. "काय मावशी? खरं की नाटक?"

तिने कागद त्याच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. कडं, तीन सांधे, सैल पट्टे, एक पाय. शब्द तिला जमले नाहीत तिथे तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून पिरगळून दाखवली. मालक आधी ओशाळला, मग त्याला घाई झाली, पुरुषांना अशा वेळी होते तशी. "बरं, बरं, कळलं. बसून काम द्यायचं ना? देऊ. मोजणीच्या टेबलावर बसू दे तिला. तुम्ही म्हणाल ती पूर्व. झालं समाधान?"

"आणि यंत्र?"

"यंत्राचं काय?"

"त्यावर पोटुशी बाई उभी करायची नाही. स्टूल बसेल एवढं टेबल खाली घ्या. नाहीतर सगळ्यांना तासातासाने पाळी लावा, मला लावा. पण पोटुशी नाही."

मालक खुर्चीत मागे रेलला. हसला. वाईट माणूस नव्हता तो. लहानपणी तिच्या हातची भाकरी खाल्लेला. "मावशी, जरा विचार करा. ही रीत कुणाची? माझ्या वडिलांशी भांडून तुम्हीच घेतलीत. अजून नव्या बायकांना सांगतात ती गोष्ट. आता तुम्हीच म्हणालात की ते चुकलं, तर बायका काय म्हणतील? तुमचीच शोभा होईल. जे झालं ते झालं. एक पोरगी निघाली नाजूक, तिची सोय केली आपण. उगाच सगळ्यांच्या डोक्यात दुखणं भरवू नका. त्या कुरळीला चौथा लागलाय ना? आजपासून तिला पाठवलीय मी तिकडे. खूश होऊन गेली."

मावशीला वाटलं होतं तो नाही म्हणेल. भांडायची तयारी करून आली होती ती. त्याने तिच्या अब्रूची काळजी केली, आणि ती काळजी तिच्या अंगावर लोचट हातासारखी फिरली. एकतीस वर्षं हेच तर चाललं होतं. तिची अब्रू राखायला चाळीस बायकांनी पायडल दाबलं होतं. पहिली ती स्वतः.

ती बाहेर आली. हॉलमध्ये नेहमीचं चालू होतं, ओल्या चादरींचा जड वास, वाफेचे सुस्कारे, पट्ट्यांची फडफड. लांब कोपऱ्यात कुरळी उभी होती, एकवीस-बावीसची, खिडकीच्या वाऱ्याने केस उडत होते आणि ती शेजारणीला काहीतरी सांगून खिदळत होती. पाय उचलला, दाबला, सोडला. अजून तिला काही होत नव्हतं. कदाचित होणारही नाही. मावशी सगळा हॉल ओलांडून गेली, कुरळीचा दंड धरून तिला बाजूला केलं, वाकून भिंतीतला खटका बंद केला आणि वायर उपटून काढली. यंत्राच्या दांडीवर अर्धवट सील झालेली पिशवी तशीच लोंबत राहिली.

"काय झालं, मावशी? बिघडलं?" कुरळीने विचारलं. शेजारच्या दोघी-तिघींनी माना वळवल्या.

"नाही. चालू आहे ते." मावशीने वायर मनगटाभोवती गुंडाळायला घेतली. बोलायची सवय होती तिला, हुकूम द्यायची, टोमणे मारायची. हे बोलायची सवय नव्हती. "यावर दुखतं. पोटुशीला यावर दुखतं. मला दुखायचं. पहिल्या दिवसापासून दुखायचं. मी बोलले नाही."

ज्यांना ऐकू गेलं त्यांनी हात थांबवले, आणि त्यांचे हात थांबले म्हणून पलीकडच्यांचे थांबले. वाफेच्या टेबलाजवळून आक्का आली. मावशीच्या खालोखाल जुनी, दोन्ही बाळंतपणं त्या कोपऱ्यात काढलेली, जाडजूड, कधी कुणाशी चढ्या आवाजात न बोललेली. ओले हात तिने पदराला पुसले नाहीत. तशीच समोर उभी राहिली.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"मला दुखायचं म्हणाले."

"आणि मी आले होते तुझ्याकडे. दुसऱ्या वेळी. रडत आले होते. आठवतं का तुला, काय म्हणाली होतीस मला?"

"आठवतं."

"मग सांग. ह्या सगळ्या पोरींना ऐकू दे."

केबिनच्या दारात मालक येऊन उभा राहिला होता, पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. आक्काचा चेहरा लाल झाला होता, आणि एवढा राग इतकी वर्षं ह्या बाईने कुठे ठेवला असेल, असं मावशीला वाटलं. वायर गुंडाळायची ती थांबली.

"मी म्हणाले होते," मावशी म्हणाली, मोठ्याने, यंत्रांच्या वरून ऐकू जाईल अशी, "की गाई-म्हशी वितात, त्या नाही कधी रडत. तूच कोण लागून गेलीस."